खड्ड्याचा तळ

केतकी उपळेकर हवेतली दुसरी कोलांटी पुरी करून खड्ड्यात उतरली, तेव्हा तिच्या मागे रांगेत मीच उभी होते. फोमच्या ठोकळ्यांत माणूस पडलं की भसकन मऊ आवाज होतो. तो झालाच, पण त्याच्या पाठोपाठ आणखी एक आवाज आला, ओली फांदी मोडावी तसा. एरवी केतकी ठोकळ्यांतून डोकं वर काढायची, केस मागं सारायची आणि पहिल्यांदा बाईंकडे बघायची. त्या दिवशी तिनं कुणाकडेच बघितलं नाही.

"बाई, खाली टणक आहे," ती म्हणाली.

मग तिचे ओठ पांढरे पडले. नलावडे बाईंनी आणि मी तिला काखेत हात घालून बाहेर ओढलं, तेव्हा तिचं उजवं पाऊल भलत्याच बाजूला वळलेलं होतं.

ही एकोणीसशे शहाण्णव सालातली गोष्ट. मी चौदा वर्षांची होते, नववीत. मिरजेतल्या एका जुन्या व्यायामशाळेच्या मागच्या हॉलमध्ये नलावडे बाई आम्हा दहा-बारा मुलींना जिम्नॅस्टिक्स शिकवायच्या. बाईंचा आवाज कधी चढायचा नाही. घाई करणाऱ्या मुलीला त्या भिंतीशी बसवून ठेवायच्या आणि बाकीच्यांचा सराव बघायला लावायच्या. ती शिक्षा आम्हाला रागावण्यापेक्षा जड जायची.

आमच्यात सगळ्यांत अवघड उडी म्हणजे डबल. धावत यायचं, हातांवरून पालटून पाठ फिरवायची, आणखी एकदा हातांवरून मागे उलटायचं आणि त्या वेगात वर उठून हवेत मागच्या मागे दोन कोलांट्या घ्यायच्या. चुकलं तर मानेवर. त्यामुळं बाईंनी ती शिकवायच्या पायऱ्या ठरवून ठेवल्या होत्या. आधी कित्येक महिने ट्रॅम्पोलीनवर. मग कमरेला पट्टा बांधून, पट्ट्याचे दोर छताच्या कप्प्यांतून खाली बाईंच्या हातात. मग खड्ड्यात. मग जाड गादीवर. आणि अगदी शेवटी फरशीवरच्या पट्टीवर. एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची नाही, मग स्पर्धा उद्या का असेना.

त्यातला खड्डा आमच्या घरानं भरला होता. माझ्या वडिलांचं, अण्णांचं, स्टेशनकडच्या रस्त्यावर सीट-कव्हर आणि कुशनचं दुकान होतं. जीप, टेम्पो, ट्रॅक्स यांच्या सीटा, शिवाय लग्नसराईत गाद्या. दीड वर्षापूर्वी व्यायामशाळेनं हॉलच्या कोपऱ्यात माझ्या छातीपेक्षा खोल खड्डा बांधून घेतला, तेव्हा बाई दुकानात आल्या होत्या आणि फोमचे ठोकळे किती मोठे, किती मऊ हवेत ते त्यांनी तासभर समजावून सांगितलं होतं. अण्णांनी ते काम मोठ्या हौसेनं घेतलं. पंधरा दिवस आई, मी आणि धाकटा भाऊ घरात ठोकळेच कापत होतो. पिवळा आणि पांढरा फोम. शेवटच्या आठवड्यात माझी परीक्षा आली तेव्हा अण्णा म्हणाले, तू अभ्यास कर, राहिलेलं मी दुकानात कापतो. खड्डा त्यांनी एकट्यानं भरला. मी हॉलमध्ये सगळ्यांना सांगत सुटले होते की हा आमच्या अण्णांनी केलाय.

केतकीच्या पायाचं ऑपरेशन झालं. घोटा दोन ठिकाणी मोडला होता, आत स्क्रू घातले. त्या रात्री जेवताना मी घरी सगळं सांगितलं. आई हातातली पोळी तशीच धरून बसली. तिनं विचारलं, शुद्धीवर होती का, तिची आई कुठं होती, किती दिवस लागणार. अण्णा आमटी ओरपत होते. ते थांबले आणि म्हणाले, "कुठल्या बाजूला पडली?"

मला कळलं नाही.

"खड्ड्यात गं. कडेला पडली की पलीकडं, भिंतीच्या अंगाला?"

"पलीकडं. डबलला लांब जातं."

त्यांनी मान हलवली आणि परत जेवायला लागले. केतकी कशी आहे हे त्यांनी विचारलंच नाही, हे मला अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं. पण वडील माणसं बोलत नाहीत, मनात ठेवतात, असं मी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः खड्ड्यात उतरल्या. त्यांनी हातभर खोल ठोकळे उपसून बाहेर टाकले, खाली हात घालून चाचपलं. हाताला फोमच लागत होता. तरी त्यांनी अण्णांना निरोप पाठवला की एकदा सगळा खड्डा तुमच्या नजरेखालून जाऊ दे. गुरुवारी आम्हाला सुट्टी असायची. अण्णा गुरुवारी दुपारी एकटेच गेले आणि दिवे लागायच्या सुमाराला परत आले. बाईंना त्यांनी सांगितलं, सगळं ठीक आहे, ठोकळे वरखाली करून मोकळे केलेत.

मग बाईंनी आम्हा सगळ्यांना समोर बसवलं. फोममध्ये पाय गेल्यावर ते कुणालाच दिसत नाहीत, त्या म्हणाल्या. पण हाड असं मोडायचं एकच कारण दिसतं. केतकीनं उतरताना गुडघे वाकवले नाहीत, पाय ताठ राहिले. खड्डा आहे म्हणून बेफिकीर राहायचं नाही. हे त्यांनी केतकीच्या घरी जाऊनही सांगितलं. ओरडून नव्हे, बाईंच्या पद्धतीनं, शांतपणे.

गणपती झाल्यावर बाईंनी मला बोलावून घेतलं. डिसेंबरात पुण्याला राज्य स्पर्धा होती. केतकीच्या जागी आता माझं नाव होतं आणि माझी ट्रॅम्पोलीनवरची डबल पक्की झाली होती. बाईंनी विचारलं, "पट्ट्यात सुरू करूया? भीती वाटली तर सांगायचं. भीती सांगणारी मुलगी मला चालते."

मी हो म्हणाले. मला भीती वाटत नव्हती, आनंद वाटत होता, आणि त्या आनंदाची थोडी लाजही वाटत होती.

घरी हे सांगितल्यावर अण्णांनी पहिल्यांदा माझ्या खेळात तोंड घातलं. तोवर मी काय करते, कुठली उडी, कुठली पट्टी, हे त्यांना कधी माहीतही नसायचं. बक्षीस आणलं की दुकानात गिऱ्हाइकांना दाखवायचे, तेवढंच. आता ते म्हणाले, "डबल कशाला? एक कोलांटी छान घेतेस की."

मी म्हणाले, एका कोलांटीवर राज्यात कुणी विचारत नाही.

"पुढच्या वर्षी कर. अंगात ताकद येऊ दे."

त्यानंतर रोजचं झालं. मी सरावाहून येताना दुकानात डोकावले की ते हातातलं काम न थांबवता विचारायचे, "आज कशावर?" मी म्हणायचे, पट्ट्यात. "खड्ड्यात नाही ना?" नाही. मग ते शिलाई मशीनचं पायडल दाबायचे. कधी म्हणायचे, त्या बाईंना सांग, जाड गादी मी नवीन करून देतो, थेट गादीवरच शिक. त्यांना पायऱ्यांतलं काही कळत नाही म्हणून ते असं बोलतात, असं मी धरून चालले. पण एक दिवस आई म्हणाली, "तुझ्या उडीचं यांनी फारच मनावर घेतलंय. रात्री उठून बसतात." आणि मला ती जेवणाची रात्र आठवली. कुठल्या बाजूला पडली.

शनिवारी आम्ही खड्डा उपसायचो. सतत उड्या पडून ठोकळे दबतात म्हणून सगळ्या मुलींनी आत उतरायचं आणि वरचे दोन-तीन थर खालीवर करायचे; तळापर्यंत कुणी जायचं नाही. नवरात्राच्या आधीच्या शनिवारी मी मुद्दाम पलीकडच्या भिंतीशी गेले. ठोकळे जमतील तेवढे खोल सारून पालथी पडले आणि खांद्यापर्यंत हात खाली घातला. बोटांच्या टोकांना काहीतरी खरबरीत लागलं. तेवढ्यात बाईंची शिट्टी झाली. हात बाहेर काढला तर मधल्या बोटाच्या नखात एक तपकिरी, राठ केस अडकला होता.

तो केस नव्हता. लहानपणापासून मी दुकानात तो बघत आले होते. जुन्या जीपच्या सीटा उसवल्या की आत काथ्याची दाबलेली गादी निघते. वर्षानुवर्षं माणसांच्या वजनाखाली दबून ती पाटासारखी होते. अण्णा ती मागच्या पडवीत टाकून द्यायचे.

शिट्टी झाल्यावरही मला परत एकदा हात खाली घालता आला असता. मी घातला नाही. तो धागा मी कंपासपेटीत ठेवला.

संध्याकाळी दुकानात अण्णा एकटे असताना मी विचारलं, खड्ड्यात काथ्या कुठून आला.

त्यांनी तोंडातला दोरा दातांनी तोडला. "कुणाच्या तरी बुटाला चिकटून आला असेल."

"आमच्या हॉलमध्ये कुणी बूट घालत नाही, अण्णा. अनवाणी असतो आम्ही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग सुईत दोरा ओवायला लागले. दोरा ओवणं त्यांना डोळे मिटूनही जमायचं, पण त्या दिवशी चार वेळा चुकलं. "मग माझ्या अंगावरनं पडला असेल," ते म्हणाले. "खड्डा मीच भरला ना."

हे खरं असू शकत होतं. म्हणून मी गप्प बसले. पुढचे तीन आठवडे मी गप्पच होते आणि रोज पट्ट्यात उडत होते. बाई दोर धरायच्या, मी वर जायचे, दोनदा फिरायचे आणि खाली यायचे. पाय टेकायच्या क्षणी मात्र माझं अंग आखडायचं. बाईंना ते दिसलं. त्या म्हणाल्या, वर सगळं छान आहे, खाली येताना तू कशावर तरी विश्वास ठेवत नाहीस. दोर मीच धरलेत, हेमा. मी म्हणाले, हो बाई.

त्या दिवसांत घरात मी अण्णांवर पाळत ठेवली, याची मला आज लाज वाटते. ते दुकान बंद करून किती वाजता येतात, मागच्या पडवीतल्या काथ्याच्या चवडी वाढल्या की कमी झाल्या, पुण्याहून फोमचा माल आला की नाही. आईला विचारलं, खड्ड्याच्या वेळी आपल्याकडं जीपच्या सीटांचं काम होतं का. आई म्हणाली, होतं की, एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या आठ जीपा होत्या, तुझे अण्णा रात्रंदिवस शिवत होते. फोम पुरला का, हे मी विचारलं नाही. उत्तर मला नको होतं.

मध्ये एकदा केतकीकडे गेले. तिचा पाय प्लास्टरमध्ये स्टुलावर होता. आम्ही पहिलीपासून एका वर्गातल्या, तरी त्या दिवशी मी पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेला बसले. मी विचारलं, तू त्या वेळी म्हणाली होतीस ना, खाली टणक लागलं.

"म्हणाले होते," ती म्हणाली. "पण बाईंनी बघितलं ना. काही नव्हतं." थोड्या वेळानं म्हणाली, "पाय ताठच ठेवले असतील मी. आई रोज म्हणते, तुझं लक्ष नसतं. मला आठवतंय त्यात मी गुडघे वाकवलेत. पण आठवण खोटी असू शकते, नाही का?"

त्या वेळीही तो धागा माझ्या दप्तरात होता. असू शकते, असं मी म्हणाले आणि तिच्या आईनं दिलेला चिवडा खाल्ला.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बाई म्हणाल्या, उद्या खड्ड्यात. दुकानात गेल्यावर अण्णांनी नेहमीसारखं विचारलं. मी म्हणाले, "उद्या खड्ड्यात." मशीन थांबली. ते "बरं" म्हणाले.

सकाळी साडेपाचला मला टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला. दिवाळीच्या तोंडावर अण्णा पहाटे उठून दुकानात जायचे, त्यात नवल नव्हतं. पण टेम्पो दुकानाकडे न वळता सरळ गेला. मी आवरलं, सव्वासहाला आईला सरावाला चालले असं सांगितलं आणि सायकल काढली.

व्यायामशाळा पाचलाच उघडायची, लाल मातीतली मुलं यायची म्हणून. मागच्या हॉलच्या दाराला टेम्पो उलटा लावलेला होता आणि टेम्पोत प्लॅस्टिकमध्ये बांधलेला नवा फोम होता, कापून तयार. आत खड्ड्याच्या कडेला पिवळ्या-पांढऱ्या ठोकळ्यांचा डोंगर. त्याच्या शेजारी वेगळा ढीग, तपकिरी. अण्णा खड्ड्यात कमरेइतके आत उभे होते. बनियनवर होते, पाठ घामानं भिजली होती. वाकून त्यांनी तळातून एक काथ्याचा ठोकळा उचलला आणि वर ठेवला. तो जमिनीवर टेकला तेव्हा पाट ठेवल्यासारखा आवाज झाला.

मी हाक मारली. ते दचकले नाहीत.

"तू कशाला आलीस?"

"हे काय आहे?"

"काढतोय ना आता," ते म्हणाले आणि परत वाकले.

मी ढिगाजवळ गेले. ठोकळे फोमच्याच मापानं कापले होते, कडा नीट सरळ. दीड वर्ष दमट अंधारात राहून ते आवळले होते. मी एकावर पाय देऊन उभी राहिले. तो दबला नाही.

"केतकी उडत होती तेव्हा हे इथंच होतं."

अण्णा सरळ झाले. त्यांनी दोन्ही हात खड्ड्याच्या काठावर ठेवले. मग ते बोलले, माझ्याकडे न बघता. त्या आठ जीपांची घाई होती. खड्ड्याचा फोम तिकडं वापरला. पुण्याहून माल आठ दिवसांत येणार होता. तोवर जागा रिकामी दिसू नये म्हणून पलीकडच्या अंगाला तळात हे भरलं. आल्यावर बदलू म्हटलं.

"मग बदललं का नाही?"

"पोरी उड्या मारायला लागल्या. कुणाला काही झालं नाही. मला वाटलं, एवढ्या खाली कोण जातंय."

"आणि बाईंनी बघायला बोलावलं तेव्हा?"

त्यांनी बोटांना चिकटलेला काथ्या झटकला. बाहेर आखाड्यात कुणीतरी दंड थोपटत होतं.

"तेव्हा भरदुपारी काढून बाहेर नेलं असतं तर सगळ्यांना दिसलं असतं," ते म्हणाले.

"मग आज का काढताय?"

"आज तू उडणार आहेस."

हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं की मला बरं वाटावं. त्यांना खरंच तसं वाटत असावं. पहाटे उठून, एकट्यानं, कंबर मोडेस्तोवर ते माझ्यासाठी खड्डा उपसत होते. त्यांच्या बोटांना काथ्यानं चिरा पडल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले.

"बाई सातला येतात," ते म्हणाले. "हे टेम्पोत टाकायला लाग. नवा फोम मी भरतो. अर्ध्या तासाचं काम आहे."

"नाही," मी म्हणाले.

"हेमा, दुकान बसेल. गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तुलाही पुण्याला नेणार नाहीत."

मी त्या तपकिरी ढिगावर बसले. अण्णा वर आले. त्यांनी दोन ठोकळे खांद्यावर घेतले आणि दारापर्यंत गेले. मी उठले नाही, त्यांना अडवलंही नाही. ते दारात थांबले. टेम्पोचा मागचा फाळका उघडा होता, नुसते आत टाकायचे होते. मला त्यांची पाठ दिसत होती. मग ते परत वळले, ठोकळे जिथून उचलले होते तिथं ठेवले आणि खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसले.

"आईला तू सांग," ते म्हणाले. "मला नाही जमणार."

बाई आल्या तेव्हा आम्ही तसेच बसलो होतो. त्यांनी दारातूनच सगळं बघितलं, लुनाची किल्ली हातात तशीच. अण्णा उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं. काही लपवलं नाही, काही सावरूनही घेतलं नाही. बाईंनी एकच प्रश्न विचारला, किती खोलवर होतं. अण्णांनी हातानं दाखवलं. बाईंनी स्वतःचा हात पुढं केला, खांद्यापासून बोटांपर्यंत बघितला, जणू तो अपुरा पडल्याचा हिशोब त्या करत होत्या.

"मी त्या पोरीला सांगितलं, तुझी चूक आहे," त्या म्हणाल्या. "तिच्या घरी बसून, चहा पिऊन सांगितलं." मग किल्ली पर्समध्ये टाकून त्या अण्णांकडे वळल्या. "चला भंडारे. तुम्हीही चला."

केतकीचं प्लास्टर चारच दिवसांपूर्वी निघालं होतं. ती खिडकीशी पाय लांब करून बसली होती, शेजारी काठी. बाईंनी अण्णांना बसा म्हटलं, पण ते बसले नाहीत. त्यांनी हात जोडले आणि परत पहिल्यापासून सगळं सांगितलं. केतकीची आई ऐकता ऐकता स्वयंपाकघरात गेली आणि बाहेर आलीच नाही. आतून भांड्यांचाही आवाज येत नव्हता.

केतकीनं अण्णांकडे बघितलं नाही. ती बाईंना म्हणाली, "म्हणजे मी गुडघे वाकवले होते."

"वाकवले होते," बाई म्हणाल्या. "माझं चुकलं."

केतकीनं आपल्या घोट्याकडे बघितलं. तो दुसऱ्या पायापेक्षा बारीक झाला होता. मग ती माझ्याकडे वळली.

"तुला कधी कळलं?"

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते.

"आज सकाळी," मी म्हणाले.

अण्णांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. तीन आठवड्यांपूर्वी दुकानात मी काय विचारलं होतं ते त्यांना आठवत होतं, आणि ते त्यांना आठवतंय हे मला दिसत होतं. मग त्यांनी मान परत खाली घातली.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. व्यायामशाळेचं काम गेलं, त्याबरोबर आणखी दोन-चार ठिकाणचं. काही दिवस लोक दुकानासमोरून जाताना आत बघायचे. अण्णांनी सगळा खड्डा तळापर्यंत रिकामा करून नव्यानं भरून दिला, बाई आणि व्यायामशाळेची दोन माणसं शेवटपर्यंत उभी होती. केतकीच्या वडिलांनी पोलिसात जायचं ठरवलं होतं; केतकी नको म्हणाली असं नंतर कानावर आलं. ती पुन्हा खेळली नाही. तिचा घोटा आता पावसाळ्यात दुखतो एवढं मला माहीत आहे, कारण आमची गाठ अजून पडते. तिनं तो प्रश्न मला परत कधी विचारला नाही, आणि मीही उत्तर बदललं नाही.

पुण्याला मी त्या वर्षी गेले नाही. बाईंनी मला पहिल्या पायरीवर आणलं आणि ट्रॅम्पोलीनपासून परत सगळं करून घेतलं. फेब्रुवारीत मी खड्ड्यात पहिली डबल घेतली. त्याआधी बाईंनी मला आत उतरवलं, माझ्याच हातांनी ठोकळे बाजूला करत तळाच्या सिमेंटपर्यंत जायला लावलं आणि हाताला काय लागलं ते मोठ्यानं सांगायला लावलं. डबल घेणाऱ्या प्रत्येक मुलीला पुढं त्यांनी तेच करायला लावलं.

अण्णांशी मी अबोला धरला नाही. घरात सगळं पहिल्यासारखं बोलणं होतं, जेवण होतं, सण होते. दुकान हळूहळू सावरलं. माझ्या लग्नात त्यांनी आम्हाला दोन गाद्या दिल्या, स्वतः शिवलेल्या. निळ्या पट्ट्यांचं जाड कापड, कडेला त्यांचा तो बारीक, एकसारखा टाका, जो मिरजेत दुसऱ्या कुणाला येत नव्हता. आमच्याकडे आल्या-गेल्या बायका तो टाका बघून विचारायच्या, कुणी शिवल्या गं.

लग्नानंतर सहा महिन्यांनी एका दुपारी घरात कुणी नव्हतं. मी कात्री घेतली आणि एका गादीचा कोपरा उसवला. आत हात घातला, अगदी खांद्यापर्यंत. कापूस होता. पांढरा, मऊ, नव्यानं पिंजलेला, तळापर्यंत तोच. दुसऱ्या गादीचाही कोपरा मी उसवून बघितला. तीही तशीच.

नवरा यायच्या आत मी दोन्ही कोपरे शिवून टाकले. घाईत शिवले, आणि अण्णांचा टाका मला येत नव्हता.

पुढं संक्रांतीला अण्णा आले. चहा घेत त्याच गादीवर बसले. बोलता बोलता त्यांचा हात कडेवरून फिरत होता, सवयीनं. कोपऱ्याशी येऊन तो थांबला. त्यांनी अंगठा त्या टाक्यांवरून एकदा पुढं आणि एकदा मागं नेला. मी दारात लाडवाची ताटली घेऊन उभी होते.

"दोरा पातळ घेतलास," ते म्हणाले. "चार दिवसांत उसवेल. सुई आण."

मी सुई आणि दोरा आणून दिला. त्यांनी माझे टाके तोडले आणि कोपरा पुन्हा शिवला, सावकाश, माझ्यासमोर.